बंद झालेल्या जिप्सीचे सुटे भाग आणि मोडायची ठेव

प्रश्न : माझे वय ४७ आहे. हातात येणारा पगार ७८,००० रुपये, घरकर्जाचा हप्ता २४,००० रुपये आणि घरखर्च सुमारे ४१,००० रुपये आहे. मुलगी दोन वर्षांनी अभियांत्रिकीला जाईल. घरात वॅगन आर आहे, शिवाय वडिलांनी २००६ मध्ये घेतलेली मारुती जिप्सी किंग शेतावर आणि चांदोलीच्या बाजूला जाण्यासाठी अजून वापरतो. वर्षाकाठी चार हजार किलोमीटर होतात. तिची ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी) आवाज करते आणि तळाचा पत्रा कुजला आहे. कोल्हापुरातील सुट्या भागांचे एक दुकान बंद होत असून मालक जिप्सीचा सगळा लॉट २,४०,००० रुपयांना देतो म्हणतात (यादी सोबत जोडली आहे). पत्र्याचे काम १,६०,००० रुपये सांगितले आहे. माझ्या प्रत्येकी २ लाखांच्या तीन मुदत ठेवी आहेत. त्यांतील दोन मोडून हे सर्व करावे, की गाडीला आलेली ३,२५,००० ची मागणी स्वीकारून जिम्नी (ऑन-रोड १४,७५,०००) घ्यावी? भाग पुढे मिळणारच नाहीत, तेव्हा लॉट ही एक गुंतवणूकच ठरेल, असे मला वाटते. (शिराळा, जि. सांगली)

उत्तर : जिम्नीचा विचार आधी संपवू, कारण त्याला फार वेळ लागणार नाही. जिप्सीचे ३,२५,००० आणि ठेवीतील दीड लाख घातले तरी १० लाखांचे कर्ज काढावे लागेल. सव्वानऊ टक्के दराने सात वर्षांसाठी त्याचा हप्ता १६,२०० रुपयांच्या आसपास जातो. घरकर्ज धरून दोन्ही हप्ते ४०,००० च्या पुढे, म्हणजे पगाराच्या निम्म्याहून अधिक होतात, आणि त्यातली चार वर्षे मुलीच्या महाविद्यालयीन खर्चाच्या काळात येतात. वर्षाला चार हजार किलोमीटर धावणाऱ्या दुसऱ्या गाडीसाठी एवढा बोजा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लॉटकडे वळू. आपण त्याला गुंतवणूक म्हटले आहे. मी त्याला खर्च म्हणेन, आणि तोही फार आधी केलेला. २,४०,००० रुपये साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले तर पाच वर्षांत त्यांचे, कर वजा करण्यापूर्वी, सुमारे ३,२९,००० होतात. शेडमधल्या सुट्या भागांनी तेवढीच कमाई करायची, तर पाच वर्षांनंतर ते तितक्या किमतीला घेणारा गिऱ्हाईकही आपल्यालाच शोधावा लागेल, आणि असे गिऱ्हाईक शोधणे ज्यांचा रोजचा धंदा आहे तेच आज दुकान बंद करीत आहेत.

‘भाग मिळणारच नाहीत’ हे आपले गृहीतक सरसकट खरे नाही. जिप्सीची नागरी विक्री २०१९ मध्ये थांबली. अपघात-सुरक्षेचे नवे निकष आणि पुढे येणारे बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष यांमुळे तिचे आयुष्य संपले. परंतु लष्करासाठी ती त्यानंतरही काही काळ तयार होत होती, आणि लष्करातून निकाली निघणाऱ्या गाड्या लिलावातून बाजारात येतात; दिल्लीच्या मायापुरीसारख्या बाजारांत त्या खोलल्या जातात आणि त्यांचे भाग देशभर जातात. तिचे १.३ लिटरचे इंजिन मारुतीच्याच जुन्या एस्टीम मोटारीच्या इंजिनाच्या घराण्यातले असल्यामुळे फिल्टर, पट्टे, गॅस्केट अशा वस्तूंची टंचाई इतक्यात जाणवणार नाही. कमानीचे पाटे तर कोणताही पाटेवाला बनवून देतो. खरी टंचाई मोजक्याच गोष्टींची आहे : ट्रान्सफर केसचे गिअर, पुढच्या चाकांचे फ्री-व्हील हब (पुढची चाके ताकदीला जोडणारे-सोडणारे भाग), इंजिनाचे कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि पत्र्याचे काही ठरावीक भाग. पैसे घालायचे असतील तर ते एवढ्यावरच घालावेत.

आपण पाठवलेली यादी मी याच नजरेने वाचली. तीत क्लचचे तीन संच आहेत. एक क्लच पन्नास हजार किलोमीटर चालतो असे धरले, तर आपल्या वापराने एकेक संच बारा वर्षे पुरेल. तिसरा संच उघडायची वेळ येईल तेव्हा आपण सत्तरीत असाल. ‘रबरी माल, एक खोका’ अशीही एक नोंद आहे. ऑइल सील, ब्रेकचे वायसर आणि बुश कपाटात पडून राहिले तरी कडक होतात, म्हणून त्या खोक्याला मी शून्य किंमत देतो. दोन दरवाजांचे २२,००० लावले आहेत, पण आपले दरवाजे चांगले आहेत असे आपणच लिहिले आहे. घेण्यासारख्या वस्तू चारच राहतात : हबची जोडी (१४,०००), कंट्रोल युनिट (१८,०००), पुढच्या काचेची चौकट (९,०००) आणि गरज पडलीच तर अख्खी ट्रान्सफर केस (४२,०००).

या शेवटच्या वस्तूबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिच्यातच आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली असते आणि मधल्या छोट्या शाफ्टने त्याला जोडलेली असते. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता ती उतरवता येते. ती उघडून पाहण्याआधी दुसरी विकत घेणे म्हणजे तपासणीआधीच शस्त्रक्रियेचे पैसे भरणे होय. आवाज बहुतेक वेळा बेअरिंगचा असतो, आणि बेअरिंगच्या कड्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक कागदावर उतरवून बेअरिंगच्या दुकानात दाखवला की तिथे जिप्सीचे नाव काढण्याचीसुद्धा गरज पडत नाही. बुश झिजला असेल किंवा शाफ्टला किरकोळ झीज असेल, तर कोल्हापूरचे उद्यमनगर आपल्यापासून लांब नाही. तशी कामे तिथे रोज होतात. एवढ्याने भागले तर मजुरीसह १५,००० रुपयांची तरतूद पुरावी. गिअरचे दात खड्डे पडून गेलेले दिसले तरच ४२,००० चा विचार करावा.

त्याहीआधी एक तपासणी करून घ्यावी. गाडी लिफ्टवर चढवून, बॉडी जिथे चॅसिसला बोल्टने बसते त्या जागा हातोडीने ठोकून पाहाव्यात. तिथला गंज चॅसिसच्या लोखंडात आरपार गेला असेल, तर माझा सल्ला बदलतो : आलेली ३,२५,००० ची मागणी स्वीकारावी आणि खरेदीदाराला गंज दाखवूनच व्यवहार करावा. खासगी वापराची मोटार भांडवली मत्तेत मोडत नसल्यामुळे त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागणार नाही.

चॅसिस शाबूत असेल तर गाडी ठेवावी, मात्र मर्यादा आखून. घरखर्च आणि हप्ता मिळून आपल्याला महिन्याला ६५,००० लागतात. सहा महिन्यांचे ३,९०,००० हा आपला आणीबाणीचा निधी आहे आणि त्याला हात लागता कामा नये. उरतात २,१०,०००. पत्र्याच्या १,६०,००० पैकी तळ आणि बॉडीचे आधार एवढेच काम आत्ता करावे. आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकात त्याचे ९०,००० होतात, रंग आणि नवे कापडी छत मागाहून करता येईल. ट्रान्सफर केस दुरुस्त झाली तर एकूण १,४६,००० आणि बदलावी लागली तर १,७३,००० खर्च येईल. दुसरा आकडा पाच वर्षांवर पसरला तर पेट्रोल टाकण्याआधीच किलोमीटरला साडेआठ रुपयांहून अधिक पडतात. आपल्या मूळ बेतात हाच आकडा वीस रुपये होता. साडेआठ रुपये हीदेखील चैनच आहे, पण वडिलांची गाडी चालती ठेवण्यासाठी आपल्याला परवडणारी चैन आहे, आणि तिच्याबद्दल मी आपल्याला दोष देणार नाही.

पत्र्याचे काम आधी करण्याचे आणखी एक कारण आहे. २०२१ मध्ये नूतनीकरण झालेली आपली नोंदणी नोव्हेंबर २०२६ मध्ये पुन्हा संपते आणि तेव्हा गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागेल. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांपुढील हलक्या मोटारींसाठी नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर निराळा. उरलेल्या रकमेतून ही तरतूद आजच बाजूला काढावी. यादीतले ‘जुने इंजिन, एक’ स्वस्त वाटले तरी घेऊ नये. इंजिन बदलले की नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी लागते आणि त्या इंजिनाचे कागद विक्रेत्याने यादीत दाखवलेले नाहीत.

विम्याचे गणितही या वयाच्या गाडीला वेगळे लागते. पाच वर्षांपुढील वाहनाची विमित किंमत कंपनी आणि मालक यांच्यात परस्पर संमतीने ठरते. ती आपल्या पॉलिसीत १,६०,००० आहे, म्हणजे दुरुस्तीवर पावणेदोन लाख घातल्यानंतर गाडी चोरीस गेली तरी तेवढेच मिळतील. काम पूर्ण झाल्यावर बिले आणि छायाचित्रे देऊन पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ही किंमत वाढवून मागावी. दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांवर दाव्यात ५० टक्के आणि रबर-प्लास्टिकवरही ५० टक्के घसारा कापला जातो, हे धरूनच चालावे. शेडमध्ये ठेवलेले सुटे भाग या पॉलिसीत येत नाहीत.

राहिला पैशांचा मार्ग. आपल्या तीन ठेवींपैकी एक तीन महिन्यांत पिकते असे आपण लिहिले आहे. ती मुदतीआधी मोडून व्याज गमावण्याचे कारण नाही. विक्रेत्याला या महिन्याअखेरीस दुकान रिकामे करायचे आहे, ही अडचण त्यांची आहे, आपली नव्हे. त्यांच्याकडे जाऊन हब, कंट्रोल युनिट आणि चौकट या तीनच वस्तूंचा भाव करावा. ४१,००० च्या जागी ३०,००० पासून बोलणे सुरू करावे, कारण उरलेला माल शेवटी लोखंडाच्या भावानेच जाणार आहे. ही रक्कम पगारातून दोन महिन्यांत निघत नसेल, तर ठेवीवर तेवढेच अल्पमुदतीचे कर्ज घ्यावे आणि ठेव पिकताच फेडावे. कंट्रोल युनिट आपल्याच गाडीला लावून, गाडी सुरू करून, इंजिन चांगले तापेपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत, आणि तिन्ही वस्तूंचे पार्ट नंबर लिहिलेले जीएसटीचे बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.