टूल्सचा अख्खा सेट घेऊ का?

प्रश्न: वडाचं बोन्साय नुकतंच सुरू केलंय, ऑनलाइन १२ टूल्सचा सेट स्वस्तात दिसतोय, घेऊन टाकू का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, नकोच. त्यातली निम्मी डब्यातच पडून राहतात (माझी राहिलीयेत!). आधी एक चांगली कात्री, तारेचं कटर आणि फांद्यांना गुंडाळून वळण द्यायला १ ते ३ मिमीची ॲल्युमिनियमची तार, बास. नाशकात द्राक्षवाल्यांचं सिकेटर (छाटणीची कात्री) सहज मिळतं, पण त्याने फांदी कापली की बारीक खुंट राहतो, कॉन्केव्ह कटर किंचित खोलगट कापतं म्हणून जखम भरल्यावर गाठ फारशी दिसत नाही, तर पुढचा खर्च त्यावर करा. दुकानात कात्री मिटून बघा, टोकं नीट जुळत नसतील तर परत ठेवा, मग टिश्यू पेपर कापा, चुरगळला तर नकोच. कार्बन स्टीलला धार मस्त लागते पण पावसाळ्यात गंज धरतो, स्टेनलेस महाग पण कटकट कमी. आणि वडाचा चीक! पात्यावर वाळला की कात्री जाम होते, त्यामुळे लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडं करून मशीन ऑइलचा एक थेंब सोडायचा. हां, आणि तार उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा, साल वाचते.