रग्ड (धक्के-धूळ सोसणाऱ्या मजबूत) लॅपटॉपमध्ये मोबाइल ब्रॉडबँड कार्ड दिसते, पण ‘रेडिओ बंद’ असेच येते, काय करावे?

आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस वॅन, म्हणजे मोबाइल ब्रॉडबँड, सुरू आहे का ते पाहावे आणि लॅपटॉपच्या कडेला वायरलेस स्विच असल्यास तोही तपासावा, कारण कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत असताना रेडिओ बंद राहणे हा बहुधा ड्रायव्हरचा दोष नसतो. असे कार्ड ज्या खाचेत बसते त्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस जोडणीच्या ५२ पिनांपैकी २० क्रमांकाची पिन रेडिओ बंद करण्यासाठीच राखलेली असते. लॅपटॉपने तिच्यावरील व्होल्टेज खाली ओढून ठेवले, तरी कार्डाचा संवाद ३६ व ३८ क्रमांकांच्या यूएसबी पिनांवरून चालूच राहतो, म्हणून कार्ड ओळखले जाते, पण नेटवर्क शोधत नाही. बायोसमध्ये तसा पर्यायच नसेल, तर बॅटरी काढून ती एकच पिन उष्णतारोधक आणि वीजरोधक टेपच्या बारीक पट्टीने झाकता येते (काम नाजूक आहे, शेजारची पिन झाकली जाऊ नये). मात्र त्यानंतर तो स्विच या कार्डाचा रेडिओ बंद करू शकणार नाही. लिनक्सवर प्रश्न वेगळाही असू शकतो: मोबाइल कार्ड सांभाळणारा प्रोग्राम मोडेममॅनेजर आवृत्ती १.१८.४ पासून काही कार्डांवरील एफसीसी कुलूप (अमेरिकी दूरसंचार नियामकाच्या नियमांसाठी घातलेले, रेडिओ बंद ठेवणारे कुलूप) आपोआप उघडत नाही, त्याची स्क्रिप्ट वापरणाऱ्यालाच सुरू करावी लागते.