एक रॉड, एक रील आणि मधे आंबोलीचा घाट

प्रश्न : स. न. वि. वि. मी बेळगावात शहापूर भागात राहतो. शिरोड्याच्या माझ्या मेहुण्यांनी यंदा वर बसून वल्हवायची १२ फुटी कयाक घेतली असून महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी आम्ही आळीपाळीने ती तेरेखोलच्या खाडीत, आणि वारा पडलेला असला तर खाडीच्या तोंडाबाहेर थोड्या अंतरापर्यंत नेतो. आजवर हाताने तंगूस सोडूनच गरवले. आता स्वतःचा रॉड आणि रील घ्यावे असे वाटते. दुकानदाराने खाडीसाठी एक, जिगसाठी (पाण्यात सोडून वरखाली नाचवायच्या धातूच्या आमिषासाठी) एक आणि ट्रोलिंगसाठी (चालत्या कयाकमागे आमिष ओढत नेण्यासाठी) एक असे तीन संच सुचवले आहेत. मला एकच परवडणार आहे. तो कोणता असावा?

उत्तर : एकच संच घ्यायचा असेल तर सात फुटांचा, दोन तुकड्यांत सुटणारा, मीडियम-हेवी ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा, स्पिनिंग रॉड घ्यावा, त्यावर ४००० आकाराचे, खाऱ्या पाण्यासाठी बंदिस्त केलेले स्पिनिंग रील, रीलवर पीई २ जाडीचा २०० मीटर ब्रेडेड दोरा आणि दोऱ्यापुढे ४० पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर, म्हणजे आमिषाकडचा जाड, घासणी सोसणारा तुकडा, असावा. दुकानदाराने खोटे काही सांगितलेले नाही, कारण तिन्ही कामांसाठी वेगवेगळे रॉड असतातच. परंतु १२ फुटी कयाकवर ज्याने तीन रॉड नेले आहेत, त्याला त्यांतले दोन दिवसभर फक्त वल्ह्याच्या वाटेत येतात हे ठाऊक असते.

लांबीपासून सुरुवात करू, कारण चूक बहुधा तिथेच होते. रॉड निवडताना मासा कोणता लागेल याचा विचार प्रत्येक जण करतो, पण तो लागेल तेव्हा आपण पाय पुढे पसरून, पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर बसलेले असू, हे दुकानात उभे राहून लक्षात येत नाही. आपल्या कयाकमध्ये बसायची जागा जवळजवळ मध्यावर असते, म्हणजे तिचे नाक आपल्यापासून पाच-सहा फूट पुढे राहते. लागलेला मासा नाकाखालून दुसऱ्या बाजूला गेला, आणि तो जातोच, की आपल्याला पुढे वाकून रॉडचे टोक नाकावरून फिरवून त्या बाजूला न्यावे लागते. सहा फुटांच्या रॉडने हे साधत नाही आणि दोरा कयाकच्या कडेवर घासून तुटतो. उलट, नऊ फुटांचा रॉड घेतला तर दमलेला मासा अगदी जवळ आला तरी हाताच्या टप्प्यात येत नाही. सात फुटांवर दोन्ही कामे निभतात.

मासा जवळ आला की बहुतेकांचा हात आपोआप वर जातो, आणि तसा तो जाता कामा नये. रॉड उभा धरला किंवा त्याही पलीकडे खांद्यामागे ओढला की सगळा ताण टोकाकडच्या बारीक भागावर येतो, जो ताण सोसण्यासाठी केलेलाच नसतो. वजन पेलण्याचे काम बुडाकडच्या जाड भागाचे आहे. माझा पहिला चांगला रॉड असाच दीड-दोन किलोच्या तांबोशीवर, मासा कयाकच्या अगदी खाली असताना टोकापासून हातभर अंतरावर मोडला. विकणाऱ्याने तो बदलून द्यायला नकार दिला तेव्हा मी पुष्कळ संतापलो होतो. आज वाटते, त्याचे काही चुकले नव्हते.

याच कारणाने केवळ हलकेपणावर भाळून अतिशय कडक कार्बनचा रॉड घेऊ नये. असे रॉड हातात घेतल्यावर मोहात पाडतात, पण वल्ह्याचा एखादा फटका किंवा कडेवर आपटल्याने पडलेला, डोळ्यांना न दिसणारा तडा पुढच्या माशाला नेमका उघडा पडतो. कार्बनमध्ये काचतंतू मिसळलेला रॉड थोडा जड असतो, मात्र कयाकवरची धसमुसळ तो सोसतो. कोणताही कार्बनचा रॉड विजेचा वाहक असतो, म्हणून ढग गडगडू लागताच तो आडवा ठेवून किनारा गाठावा.

रीलच्या मागे मुठीचा जो भाग राहतो तो वीतभर आणि वर चार बोटे एवढाच असावा. उभ्याने टाकायच्या रॉडची मूठ याहून लांब असते आणि बसून वापरताना ती प्रत्येक वेळी लाइफ जॅकेटमध्ये अडकते. दुकानात लोक पाहतील याची भीड न बाळगता जॅकेट घालून, खुर्चीवर पाय पसरून बसावे आणि रॉड डावी-उजवीकडे फिरवून पाहावा. दोऱ्याच्या कड्यांमधून कापसाचा बोळाही फिरवावा. कुठे तंतू अडकला तर त्या कडीला खरखर आहे आणि ती दोरा कापील, असे समजावे.

ताकदीचे म्हणाल तर दांड्यावर छापलेले ल्युअरचे, म्हणजे नकली आमिषाचे, वजन १० ते ४० ग्रॅमच्या जवळपास असावे. खाडीत चणकासाठी, ज्याला मुंबई-रायगडकडे जिताडा म्हणतात, वापरायचे मऊ रबरी मासे बहुधा १० ते २० ग्रॅमचे असतात, बुडणारे मिनो (छोट्या माशाच्या आकाराचे कडक ल्युअर) त्याहून थोडे जड, आणि तोंडाबाहेर उथळ पाण्यात सोडायची छोटी धातूची जिग ४० ग्रॅमपर्यंतची असते. हे सारे एकाच रॉडमध्ये बसते. पाठीमागे ल्युअर सोडून संथ वल्हवत नेले की ट्रोलिंगही होते, मात्र तेव्हा रॉड सुटा न ठेवता धारकात बसवून दोरीने कयाकला बांधावा.

रील ४००० आकाराचे म्हटले, पण या आकड्यांचे सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचे ४००० दुसऱ्या कंपनीच्या ४००० हून लहान किंवा मोठे असू शकते. म्हणून पेटीवरील आकड्याऐवजी स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या रिळावर, पीई २ चा दोरा किती मीटर मावतो ते पाहावे. २०० मीटर मावत असेल तर आपले काम झाले. पीई २ म्हणजे ०.२३५ मिलिमीटर व्यासाचा दोरा आणि त्याची ताकद ३० पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंच्या आसपास असते. (दुकानात त्याला नुसते ‘ब्रेड’ म्हणतात, न्याहारीच्या पावाशी त्याचा संबंध नाही.) हा दोरा स्पूलवर घसरतो, म्हणून तळाशी आधी काही मीटर तंगूस घट्ट गुंडाळावा आणि वरची कड दोनेक मिलिमीटर मोकळी राहील इतकाच दोरा भरावा.

एवढा दोरा पुरेल का, ही शंका किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांना हमखास येते. किनाऱ्यावर आपण जागचे हलत नाही, त्यामुळे मासा जितका पळेल तितका दोरा द्यावा लागतो. कयाक मात्र माशामागे स्वतःच ओढली जाते आणि तेवढ्यानेच मासा दमतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणानंतर दोरा सुटू देणारा रीलमधला रोध, दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका, आपल्या बाबतीत साडेतीन ते साडेचार किलोंपर्यंत, घरीच ताणकाट्याने मोजून लावावा. मासा आडव्या बाजूला ओढत असताना ड्रॅग आवळू नये, त्याने कयाक कलते. आधी रॉडचे टोक पुढे नेऊन नाक माशाच्या दिशेला वळू द्यावे.

पैशांची वाटणी करताना दहा रुपयांतले सहा रीलवर, अडीच रॉडवर आणि उरलेले दीड दोऱ्यावर घालावेत असे माझे मत आहे. मध्यम प्रतीचा रॉड जपून वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो, पण ज्या रीलच्या आत खारे पाणी शिरते ते एका हंगामात संपते, आणि कयाकवर रील भिजणार नाही असा दिवस उगवत नाही. खरेदी करताना बेअरिंगची संख्या मोजत बसण्यापेक्षा ड्रॅगच्या चकत्या, मुख्य भाग आणि दोरा जिच्यावरून वळतो ती रोलर हे तिन्ही पाण्यापासून बंद आहेत का, एवढे विचारावे.

या संचाला मर्यादा आहेत. इसवणीचे, म्हणजे सुरमईचे, दात लीडर सहज कापतात, म्हणून तिच्यासाठी पुढे वीतभर तार जोडावी लागते, आणि चांगली मोठी इसवण लागली तर ती हाती येईलच असे नाही. खडकांतला मोठा हेकरू पहिल्या दोन-तीन सेकंदांत कपारीत शिरतो. त्याला खेचून थांबवण्याचे बळ या रॉडमध्ये नाही. अशा माशांसाठी म्हणून जाड रॉड घ्याल तर उरलेल्या सगळ्या रविवारी १५ ग्रॅमचा ल्युअर धड चार वावसुद्धा जाणार नाही.

प्रश्न : माझे मित्र म्हणतात की चणकासाठी बेटकास्टरच (रॉडच्या वरच्या बाजूला बसणारे, टाकताना स्पूल स्वतः फिरणारे रील) हवे, स्पिनिंग रील नवशिक्यांचे. त्यात कितपत तथ्य आहे? (निपाणी)

उत्तर : नेमक्या जागी, खारफुटीच्या मुळांशी ल्युअर टाकण्यात बेटकास्टर सरस आहे यात शंका नाही, आणि आपल्या मित्रांचा हात बसलेला असेल तर त्यांनी तेच वापरावे. पण त्याच्या स्पूलची गती टाकताना अंगठ्याने आवरावी लागते. समोरून वारा आला, ल्युअर हलका असला किंवा लाटेने कयाक डुलली की स्पूल दोऱ्याच्या पुढे धावतो आणि दोऱ्याचे घरटे तयार होते. ते सोडवण्यासाठी दोन्ही हात आणि पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात ओहोटी आपल्याला कुठे नेईल ते सांगता येत नाही. स्पिनिंग रीलवर हलका-जड दोन्ही प्रकारचा ल्युअर विनातक्रार जातो. एकच रील बाळगणाऱ्याने तेच घ्यावे. नवशिका म्हणून कोणी हिणवले तर हिणवू द्यावे.

प्रश्न : मालवणच्या मामांचा किनाऱ्यावरून टाकायचा १२ फुटी रॉड घरात पडून आहे. तो कापून कयाकसाठी वापरता येईल का? (खानापूर)

उत्तर : कापू नये. बुडाकडून कापला तर तोल जातो, टोकाकडून कापला तर नुसता दांडका उरतो, आणि दोन्ही प्रकारे मामा दुखावतील. तो किनाऱ्यावरच वापरावा.

प्रश्न : गेल्या डिसेंबरात नवे, चांगल्या कंपनीचे रील घेतले. प्रत्येक वेळी बेळगावात परतल्यावर ते नळाखाली स्वच्छ धुतो, तरीही मार्चपासून ते करकर वाजते आणि ड्रॅग धक्के देत सुटतो. दोष रीलचा की माझा? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : दोष बहुधा मधल्या घाटाचा आहे. समुद्राकाठी राहणारा माणूस अर्ध्या तासात रील धुतो. आपण दुपारी किनारा सोडतो, सावंतवाडीला जेवतो, आंबोलीचा घाट चढून तिन्हीसांजेला घरी पोहोचतो, आणि तोपर्यंत रीलच्या सांध्यांत मीठ वाळून त्याचे खडे झालेले असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे रील कपाटात पडून असले तरी गंज आतून चालूच राहतो. माझेही एक रील असेच गाडीच्या डिकीत रात्रभर राहून गेले. सकाळी मूठ फिरवली तर कॉफीच्या यंत्रासारखा आवाज आला.

पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन आणि फवारा मारायची साधी बाटली बरोबर न्यावी आणि घाट चढण्यापूर्वी, शक्यतो किनाऱ्यावरच, रील धुवावे. धुताना ड्रॅगची चावी पूर्ण आवळावी, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जाणार नाही. आपण नळाखाली धुता असे लिहिले आहे. नळ जोरात सोडत असाल तर तेही एक कारण असू शकते, कारण जोराची धार मीठ बाहेर काढण्याऐवजी सांध्यांतून आत ढकलते. रील बादलीत बुडवू तर कधीच नये. मंद फवाऱ्याने रोलर, मुठीचा सांधा आणि स्पूलवरचा दोरा नीट भिजवावा, कारण ब्रेडेड दोरा विणलेला असल्यामुळे सर्वांत जास्त मीठ तोच धरून ठेवतो. मग फडक्याने टिपून, घरी आल्यावर ड्रॅग सैल करून रील सावलीत वाळवावे आणि रोलर व मुठीच्या सांध्यात तेलाचा एकेक थेंब सोडावा. ड्रॅग आवळलेला ठेवला तर चकत्या एकमेकींना चिकटतात आणि मासा पळाला की दोरा सलग न सुटता धक्क्याधक्क्याने सुटतो. आपल्या तक्रारीचा दुसरा भाग बहुधा यातूनच आलेला आहे. आता एकदा दुरुस्त करणाऱ्याकडून ते उघडून साफ करून घ्यावे आणि ड्रॅगच्या चकत्या बदलाव्यात. मुख्य दाते शाबूत असतील तर रील पुन्हा कामाला येईल.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. वल्ह्याच्या कयाकला ती लागू नसली तरी पावसाळी समुद्र कयाकने जाण्याजोगा नसतोच, तेव्हा रील उघडून घेण्याचे काम मे महिन्याच्या अखेरीस, शेवटच्या फेरीनंतर लगेच करावे. परत आलेले रील हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते आतल्या आत घामेजते. सुती पिशवीत घालून टांगून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा मूठ दहा-बारा वेळा फिरवावी.