पिप म्हणतं मॉड्यूल आहे, पायथन म्हणतं नाही. काय करू?

पिप (पायथनची मॉड्यूल्स इन्स्टॉल करणारं साधन) ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, म्हणजे ‘हे आधीच आहे’, असं सांगतं आणि व्हीएस कोडमध्ये प्रोग्रॅम चालवला की ‘नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स’ येतं, असं तुम्ही लिहिलंय. विंडोज आहे. आधी एक विनंती: रिक्वेस्ट्स हे मॉड्यूल पुन्हा पुन्हा काढून टाकत बसू नका. दोन्ही संदेश खरे आहेत, फक्त ते बहुधा दोन वेगळ्या पायथनकडून येताहेत. एक पायथन.ऑर्गवरून घेतलेलं, दुसरं मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं किंवा अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेलं, असं सहज होतं. प्रत्येकाचं साइट-पॅकेजेस फोल्डर (इन्स्टॉल केलेली मॉड्यूल्स जिथे जातात ते) वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला दिसत नाही.

अंदाज बांधण्यापेक्षा विचारून घ्या. ज्या फाइलमध्ये एरर येते तिच्या अगदी वर, रिक्वेस्ट्सच्या ओळीच्याही आधी, सिस इम्पोर्ट करून सिस.एक्झिक्युटेबल प्रिंट करा. प्रोग्रॅम नेमकं कोणतं पायथन चालवतोय त्याचा पूर्ण पाथ मिळेल. मग टर्मिनलमध्ये पिप --व्हर्जन द्या. त्या ओळीत पिप कुठल्या साइट-पॅकेजेसमध्ये बसलंय ते असतं, शेवटी पायथनची आवृत्तीही. हे दोन पाथ एकाच पायथनच्या फोल्डरमधले नसतील तर दोष सापडला.

उपाय सोपा आहे. नुसतं पिप लिहू नका, ज्या पायथनला मॉड्यूल हवंय त्यालाच पिप चालवायला सांगा: मघाशी मिळालेला पाथ, पुढे -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स. पाथमध्ये स्पेस असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला, आणि टर्मिनल पॉवरशेलचं असेल तर त्याच्या आधी & लावा, नाहीतर वेगळीच एरर येईल. किंवा व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’मधून रिक्वेस्ट्स असलेलं पायथन निवडा. माझं स्पष्ट मत विचाराल तर प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हेन्व्ह (फक्त त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) करा आणि इथे तेच निवडा. पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

ज्युपिटर वापरत असाल तर सेलमध्येच %पिप इन्स्टॉल द्या. उद्‌गारचिन्हवालं पिप भलत्याच पायथनमध्ये जाऊ शकतं.

इतर पॅकेजना हीच एरर आली तर नावही तपासा. पिलो टाकलं तरी इम्पोर्ट पीआयएल करावं लागतं, ओपनसीव्ही-पायथनचं सीव्ही2, सायकिट-लर्नचं एसकेलर्न. आणि स्वतःच्या फाइलला रिक्वेस्ट्स.पीवाय नाव देऊ नका. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्यामुळे खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल इम्पोर्ट होईल.

दोन्ही पाथ एकाच पायथनचे निघाले तर त्या दोन ओळी आणि पूर्ण एरर प्रश्नात जोडा, मी पुन्हा पाहतो.