इंटरव्ह्यूत फाडफाड बोलणारा कामात कसा निघेल, हे ओळखायचं कसं?

प्रश्न: सर नमस्कार, अंधेरीला एमआयडीसीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. मागच्या वेळी घेतलेल्या मुलाने इंटरव्ह्यूत सगळ्या व्याख्या धडाधड सांगितल्या, पण साधा बग दिला तर दिवसभर नुसता बसून. आता परत ज्युनिअर डेव्हलपर घ्यायचाय, नक्की बघायचं काय?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: व्याख्या विचारूच नका, त्या यूट्यूब बघून एका रात्रीत पाठ होतात. तुमच्याच कामातला एखादा बिघडलेला तुकडा लॅपटॉपवर समोर ठेवा आणि अर्धा तास द्या. म्हणजे समजा एसक्यूएलची क्वेरी आहे, डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, सगळे ग्राहक आणि त्यांची मार्चची बिलं दाखवणारी, लेफ्ट जॉइन (बिल नसलं तरी ग्राहकाला यादीत ठेवणारी जोडणी) बरोबर लावलाय पण बिलाच्या तारखेची अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, टाकलीय, त्यामुळे ज्यांचं मार्चमध्ये बिलच नाही ते ग्राहक यादीतून गायब. अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, नेली की परत येतात. आता गप्प बसून बघा. चांगला उमेदवार आधी विचारतो, एकूण ग्राहक किती यायला हवेत? मग व्हेअर काढून रो, म्हणजे आलेल्या ओळी, मोजतो, कुठे कमी झाले ते शोधतो. कच्चा असेल तो जॉइनच बदलत सुटतो, काहीतरी लागेल म्हणून. शेवटी उत्तर नाही सापडलं तरी चालेल, खरंच चालेल, पण एक हिंट दिल्यावर गाडी पुढे सरकते का ते नक्की बघा.

सगळ्यांना तोच तुकडा, तेच प्रश्न. मुलाखत घेणारे दोघं असाल तर मार्क आधी वेगवेगळे लिहा, चर्चा नंतर. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरच्या जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला त्यातही काम करून दाखवायची चाचणी आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत, दोन्ही मोकळ्या गप्पांपेक्षा भरवशाच्या ठरल्या होत्या.

आणि कळकळीने सांगतो, मराठीत बोलू द्या, हिंदीत बोलू द्या. आसनगाव, कर्जतवरून येणारी मराठी मीडियमची किती पोरं इंग्रजीत अडखळतात आणि आपण त्यांना कच्चं समजून घरी पाठवतो! कामात इंग्रजी ईमेल लागत असेल तर चार ओळी लिहून घ्या, तेवढं पुरे.

घरी दोन दोन दिवसांचं फुकटचं काम मात्र देऊ नका. आणि निवड झाली नाही तरी आठवड्याभरात फोन करून सांगा, पोरं वाट बघत असतात.