पटाशी आधी, सांधा नंतर

सुतारकामाच्या अवजारांचा अख्खा संच आत्ताच घेऊ नका. 12 मिमीची चांगली पटाशी, करवत, गुण्या (काटकोन तपासायला) आणि धार लावायला 1000 ग्रिटचा दगड पुरे. नव्या पटाशीची पाठ (उतार नसलेली सपाट बाजू) आधी टोकाकडून दोन-तीन सेंटिमीटर सपाट घासा. सगळे इथेच कंटाळतात, आणि मग धार का टिकत नाही म्हणून विचारतात! मग धारेकडचा उतार 30 अंशांत धरून, पाठीला खरखर (धारेवर वळलेली धातूची बारीक कड) लागेपर्यंत घासा. पाठ दगडावर सपाट टेकवून ती खरखर काढा. पाइनच्या लाकडाच्या आडव्या छेदावर (तंतूंची टोकं दिसतात तिथे) चालवून बघा: चकचकीत काप आला तर ठीक, तंतू चुरगळले तर पुन्हा दगड.

मग कुसू, म्हणजे सांध्यात दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ. 36 मिमी जाडीच्या लाकडाला कुसू 12 मिमी जाड, म्हणजे एक तृतीयांश. खूण पेन्सिलीने नको, सुरीने. कुसू बसायचं आरपार भोक दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं खोदा, नाहीतर पलीकडचं लाकूड फुटून निघतं.