बिर्याणी गार होण्याआधी

प्रिय रेफरीबाई,

तुझा मेसेज पोचला. नायजेल ओवेन्स या वेल्श रग्बी रेफरीची जेवणानंतरची भाषणं रात्री दोनपर्यंत बघत बसलीस आणि आता विचारतेस की चार-पाच वर्षं शिट्टी फुंकून झाली की आपल्यालाही असं बोलून पोट भरता येईल का. येईलही. पण ‘चार-पाच वर्षं’ वाचून मला हसू आलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक समजून घे. ब्रिटनमधलं जेवणानंतरचं भाषण म्हणजे आपली व्याख्यानमाला नव्हे. वसंत व्याख्यानमालेला लोक ऐकायलाच येतात. डुलकी लागली तरी वक्त्याचा मान राखून घेतात. तिकडच्या रग्बी क्लबाच्या वार्षिक भोजनाला माणसं येतात ती जेवायला, प्यायला आणि एकमेकांची खेचायला. त्या गलक्यात उभं राहून पहिल्या दोन वाक्यांत टेबलं गप्प करायची असतात. मला हे एकदा जमलं नाही. एका क्लबाच्या पार्टीत सूप आणि बिर्याणीच्या मध्ये माझ्या हाती माइक आला, मी खेळभावनेवर बावीस मिनिटं बोललो. बिर्याणी गार झाली. त्या क्लबाने पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

ओवेन्स हे कुठे शिकला? तरुणपणी वेल्श भाषेत विनोदी कार्यक्रम करायचा, ते झालंच. पण खरी तालीम मैदानावर झाली. मोठ्या सामन्यांत रेफरीच्या अंगावर माइक असतो आणि त्याचं बोलणं घरोघरी ऐकू जातं. पंधरा-पंधरा दांडगे अंगावर धावून येत असताना त्याच्याकडे एक-दोन वाक्यांचाच वेळ असतो. २०१५च्या विश्वचषकात स्कॉटलंड-दक्षिण आफ्रिका सामना न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानावर होता. स्कॉटलंडचा खेळाडू स्टुअर्ट हॉग जरा जास्तच नाट्यमय पडला. ओवेन्सने त्याला बजावलं, असं पडायचं असेल तर दोन आठवड्यांनी इथेच ये, आज नको. म्हणजे पडण्याची नाटकं करायची तर फुटबॉल खेळायला ये! ना कार्ड, ना आरडाओरडा. आणखी एका सामन्यात लाइनआउटचा, म्हणजे दोन्ही संघांच्या रांगांमध्ये सरळ टाकायचा, चेंडू वाकडा आला, तर हा म्हणाला की याच्यापेक्षा मी जास्त ‘स्ट्रेट’ आहे. इंग्रजीत ‘स्ट्रेट’ म्हणजे सरळ, आणि समलिंगी नसलेलाही. तो समलिंगी आहे हे सगळ्या मैदानाला माहीत होतं, म्हणून तो विनोद त्याचा त्यालाच लागू. हॉगला मारलेला टोमणा आणि हा, दोन्ही नीट तपास. दोन्हीत निर्णय आधी झालेला आहे, विनोद मागून आला आहे. तू परवाच्या सामन्यात उलटं केलंस. आधी शेरा मारलास, मग पेनल्टी कोणाला द्यायची याचा विचार केलास. पोरं हसली खरी, पण दोन्ही कर्णधार नाराज होते.

त्याची सर्वांत लाडकी गोष्ट कोणती, माहीत आहे? शाळेच्या संघाला जिंकून देणारी कन्व्हर्शन किक (जादा गुणांसाठी चेंडू गोलखांबांमधून मारायचा) समोरून, अगदी सोपी, आणि ती त्याने हुकवली. शिक्षक म्हणाले, बाबा रे, तू रेफरी का होत नाहीस! मनिदकेरिगसारख्या वेल्श खेड्यातला मुलगा, पुढे शाळेत टेक्निशियन. पहिली कसोटी, म्हणजे दोन देशांमधला सामना, मिळाली २००५मध्ये, ओसाकात, जपान विरुद्ध आयर्लंड. तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. मोज आता तुझी चार-पाच वर्षं. पुढे २०१५च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, लंडनच्या ट्विकनहॅमवर, न्यूझीलंड ३४, ऑस्ट्रेलिया १७. तरी लोकांना ऐकायची असते ती हुकलेली किक. तुझ्याही वहीत आपण कुठे शहाणे ठरलो याच्या नोंदी कमी कर. पावसात उलट्या दिशेला हात दाखवून धावत सुटलीस, तो प्रसंग आधी लिही.

एक भाग मात्र तुला उसना घेता येणार नाही. तरुणपणी, स्वतःचं समलिंगी असणं स्वतःलाच मान्य होत नव्हतं तेव्हा, तो आईवडिलांना चिठ्ठी लिहून जीव द्यायला डोंगरावर गेला होता. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने शोधून काढलं, म्हणून वाचला. आपण समलिंगी आहोत हे २००७मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं. तो म्हणतो की विश्वचषकाचा अंतिम सामना चालवणं त्या लढाईपुढे काहीच नव्हतं. हसणारी टेबलं या जागी आपोआप शांत होतात. कोणी तरी तुला सुचवेल की तुझ्याही भाषणात असं काहीतरी ‘हृदयस्पर्शी’ घाल. घालू नकोस. जे सोसलं नाही ते सांगायचं नाही. आणि जे खरंच सोसलं आहेस, ते आधी जवळच्या माणसाला सांग, माइकला नंतर. रात्री-अपरात्री मला फोन केलास तरी चालेल, हे तुला ठाऊक आहेच.

पैशाचं विचारलंस. आपल्याकडे शाल-श्रीफळ पक्कं, पाकीट अनिश्चित. सध्या नोकरी सोडू नकोस. ओवेन्सही आता भाषणांच्या जोडीला हेरफर्ड जातीची गुरं पाळतो.

आणि हो, शंभर कसोटी सामन्यांचा टप्पा गाठणारा तो पहिला रेफरी. शंभरावा आणि शेवटचा सामना पॅरिसजवळ, फ्रान्स-इटली, नोव्हेंबर २०२०. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं! एवढ्या बोलक्या माणसाच्या शेवटच्या कसोटीला टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते. तरी शिट्टी नेहमीसारखीच वाजवली असणार.

रविवारी चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना आहे. सव्वासातला मैदानावर हजर राहा. या वेळी पूर्ण सामन्यात एका वेळी दहा शब्दांच्या वर बोलायचं नाही. मी कडेला उभा राहून मोजणार आहे. दोन शिट्ट्या आण, पावसात एकीतली गोटी अडकतेच.

तुझा,
सर